दुखरा पाय आधी

बसून

"ओढ."

मी ओढला.

"आणिक ओढ. बोटं काय माहेरी ठिवून आलीस?"

मी खाटेच्या कडेला बसले होते. समोर फरशीवर मामंजींचा जुना पंचा पसरलेला. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकवून ठेवायची आणि नुसत्या बोटांनी पंचा चुणत चुणत आपल्याकडं ओढायचा, एवढंच काम. प्लास्टर कापल्यावर आतून जो पाय निघाला तो माझा वाटत नव्हता. पांढरा, बारीक, सालपटं निघालेला. पोटरी कुठं गेली पत्ता नाही. बोटं हलायची, पण शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखी, दुसऱ्यांदा हाक मारल्यावर.

स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून आत्या तूरडाळ निवडत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बार्शीकडं सासूला आत्याच म्हणतात.

"मॅडम म्हणल्यात, कुकरची शिट्टी होईस्तोवर करायचं," त्या म्हणाल्या.

"कुकर लावलाय का पण?"

"न्हाई. डाळ निवडून झाली की लावते."

मी ओढला.

खिडकीतून खांब दिसायचा. गल्लीतला, विजेचा, सिमेंटचा, चौकोनी. त्याचं टोक बरोबर आमच्या खिडकीसमोर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला. दुसरं काही बघायचं नाही असं ठरवलं तरी तोच दिसायचा.

वीज कंपनीच्या भरतीत माझं नाव लागलं होतं. लेखी झाली होती, कागदपत्रं झाली होती. राहिली होती खांबाची परीक्षा. शिडी नाही, दोर नाही. हातांनी मिठी मारायची, पायांच्या तळव्यांनी पकडायचं, टोकाला बांधलेल्या लाल फडक्याला हात लावायचा आणि खाली यायचं. त्याचाच सराव करायला भावाच्या शेतातल्या, तारा काढून टाकलेल्या खांबावर चढत होते आणि माणूसभर उंचीवरून पडले. घोटा मोडला. खिशातला मोबाईलही मोडला. परीक्षेचं बोलावणं होतं गौरी-गणपती उठल्यावरचं. पुढच्या भरतीत बसायला माझं वय उरणार नव्हतं. म्हणजे हा एकच खांब.

आणि मी तिसऱ्या मजल्यावर.

तळाला बियाण्यांचं गोदाम, त्यावर त्याच गोदामाची पोती, त्यावर कुलूप लागलेला शिकवणीचा क्लास, त्यावर आम्ही. लिफ्ट नाही. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर दोघांतल्या एकानं मागं फिरायचं. समोरून कुणी यायचं नाही ती गोष्ट वेगळी. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. भाजी, दूध, औषध, सगळं टोपलीतून. आत्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, भाजीवाली भरायची, आत्या ओढून घ्यायच्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना खाली उतरलेलं बघितलं नव्हतं. गुडघे, असं त्या म्हणायच्या. माझ्या लग्नालाही त्या आल्या नव्हत्या. मामंजींना जाऊन वर्ष झालं नव्हतं, बाईमाणूस मांडवात कशी येईल, म्हणून आमच्याकडच्यांनी माना डोलावल्या आणि कुणी काही विचारलं नाही.

"कुठं बगायलीस? ओढ."


बसून

नाही, तबस्सुम मॅडमचं आधी सांगायला हवं होतं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांची धाप आधी दारात आली, त्या नंतर. "घर आहे का किल्ला?" असं म्हणत त्या माझ्या खाटेवरच बसल्या. पोट दिसायला लागलेलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं त्यांना, व्यायाम शिकवायला. आधी पाणी प्यायल्या, मग चहा मागितला, मग माझा पाय मांडीवर घेतला आणि भाजीवाली वांगं फिरवून बघते तसा फिरवून बघितला.

"जुळलंय. हाडाचं काम संपलं. आता तुझं."

"मॅडम, सगळ्यात चांगला व्यायाम कुठला? लवकर ताकद येईल असा?"

"सगळे हेच विचारतात. अगं, सगळ्यात चांगली चप्पल कुठली? पायात बसेल ती. तुला ह्या पायानं काय करायचंय ते सांग."

"खांब चढायचाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खिडकीकडं बघितलं. मग मोठ्यानं हसल्या. "या अल्ला! लोक मला सांगतात, मॅडम, देवळापर्यंत जाता आलं तरी बास. आणि ही बाई!" हसता हसता त्यांनी माझं पाऊल आतल्या बाजूला वळवलं. "लाव जोर. माझ्या हातावर." मी लावला. काहीच झालं नाही. त्यांचा हात हललासुद्धा नाही.

"ही आतली कड आहे ना, हिनं खांब धरतात. पण ती शेवटी. पाया भरल्याशिवाय माळा चढवायचा नाही. आज पंचा ओढ. जमला की गोट्या उचल बोटांनी. मग सायकलची जुनी ट्यूब खाटेला बांध आणि पायानं ताण. मग उभं राहायचं, मग एका पायावर, मग जिना."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नको. पायाला विचार. दुखलं तर मागं जायचं. थरथरलं तर थांबायचं नाही, थरथरणं म्हणजे काम चाललंय. आणि सोपं झालं की तो व्यायाम मेला, पुढचा धर."

"दुखणं कुठलं आणि थरथरणं कुठलं, कसं कळायचं?"

"तुझं तुला कळेल. दुसऱ्या कुणाला नाही कळणार."

आत्या हातात चहाचा ट्रे धरून चौकटीत उभ्या होत्या. चहा निवला तरी उभ्याच होत्या.

अशा त्या अजून एकदा-दोनदा आल्या. मग एके दिवशी दारातच मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "आता तीन मजले बंद. माझ्या डॉक्टरनं दम भरलाय. फोन करत जा, मी सांगत जाईन."

फोन एकच होता. आत्यांचा. तो त्यांच्या गळ्यात, कापडी पिशवीत, जपमाळेच्या जागी.


अजून बसून

"काय म्हणल्या?"

"अजून बसूनच म्हणल्या."

फोन करायला आत्या मागच्या मोरीपाशी जायच्या. पुढं रेंज येत नाही म्हणायच्या. मोरीचं दार ओढून घ्यायच्या. हळू बोलायच्या, बराच वेळ. मग फोन पिशवीत घालून यायच्या, आणि: अजून बसूनच.

नागपंचमी झाली. बसून. नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळीभात केला, मी खाटेवर खाल्ला. बसून. खाली गल्लीत पोळ्याचे बैल वाजतगाजत गेले, खिडकीतून त्यांची रंगवलेली शिंगं दिसली. मी बसून.

पंचा मी आता एका दमात ओढायचे. गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे, न बघता. ट्यूब ताणताना काहीच वाटायचं नाही. सोपं झालं की तो व्यायाम मेला, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे माझ्या भोवती सगळे मेलेले व्यायाम पडले होते आणि मी त्यांच्या मधोमध बसले होते.

"आत्या, मी उभी राहून बघू का? ओट्याला धरून?"

"मॅडम न्हाई म्हणल्यात."

"मग मला बोलू द्या ना त्यांच्याशी."

"ती बाई अवघडलेली हाय. सारखं सारखं काय फोन करायचा?"

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी पिशवीसकट ओढून घेतला. आत्या मान वाकडी करून उभ्या राहिल्या, दोरी गळ्यात, फोन माझ्या कानाला. दोघींची डोकी एकमेकींना लागलेली.

"सुहास, मला नवीन फोन पाठव. नाहीतर तू ये."

"गणपतीला येतोच आहे की. आई म्हणते तसं कर ना. घाई कशाला?"

"परीक्षा आहे रे."

"आधी पाय नीट होऊ दे. खांब कुठं पळून जातोय?"

त्याचं ते बोलणं आत्यांनाही ऐकू आलं. त्यांनी हळूच मान सोडवून घेतली.

आणि गोट्या. रात्री झोपताना त्या वाटीत माझ्या खाटेखाली असायच्या. दुपारी डोळा लागून उठले की वाटी रिकामी. गोट्या सापडायच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली.

"उंदीर," आत्या म्हणाल्या.

"उंदीर गोट्या नेतात?"

"आमच्यातले नेतात."

एक दिवस त्या मोरीत अंघोळीला गेल्या आणि मी उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले. कडी काढली. जिना. इतक्या दिवसांनी त्याचा वास आला, खालच्या गोदामातल्या बियाण्यांचा, औषध लावलेल्या. उंबरा ओलांडला. कठडा धरला. शहाण्यासारखा विचार केला की चांगला पाय आधी खाली टाकावा, तो सांभाळून घेईल. दोन पायऱ्या तशा उतरले, तिसरीवर डावा टाकला. सगळा भार वर राहिलेल्या उजव्यावर आला, तो घोटा आत लटपटला आणि मी बसले. पडले नाही. बसले. तिसऱ्या पायरीवर, कठड्याला दोन्ही हातांनी धरून.

वर जाता येईना. खाली जाता येईना.

"आत्या!"

त्या आल्या. ओले केस, अंगाला नुसतं लुगडं गुंडाळलेलं. दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं आता येतील, हात देतील. त्या आल्या नाहीत. उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या, चौकट धरून, माझ्याकडं अशा बघत की जसं मी विहिरीत आहे. मग आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात टोपलीची दोरी होती. तिचं एक टोक त्यांनी माझ्याकडं फेकलं.

"धर."

"आत्या, हात द्या ना! चार पायऱ्या पण नाहीत."

"धर म्हणते ना. मी वडते."

मी धरली. त्यांनी ओढली, भाजीसारखी. मी बसल्या बसल्या, मागं सरकत, पायरी पायरी वर आले. उंबऱ्याच्या आत आले तेव्हा त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि माझ्याकडं न बघता पुन्हा मोरीत गेल्या.

ती दोरी मी पुष्कळ दिवस विसरले नाही. इतकं कुणाचं मन घट्ट कसं असू शकतं, की सून जिन्यावर अडकलीय आणि ही बाई उंबरा ओलांडत नाही.


खिडकीत

गौरी बसायला थोडेच दिवस राहिले होते. मी खिडकीत बसून टोपली सोडत होते. ते काम आता माझ्याकडं आलं होतं. खाली एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून आधी पोट उतरलं, मग तबस्सुम मॅडम. भाजीवालीपाशी गेल्या, गवारीचा भाव केला, मग सहज वर बघितलं.

"काय गं वैजयंता! टोपलीतून उतरणार का काय? जिना जमायला लागला ना?"

"जिना?"

"जिना, जिना! उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी! सांगितलं ना आत्यांनी?"

"मॅडम, मी अजून बसूनच करतेय!"

"काय?"

"ब-सू-न!"

सगळी गल्ली वर बघायला लागली. गोदामाचा हमालसुद्धा.

"बसून कुणी सांगितलं?"

"तुम्हीच!"

मॅडमनी गवारीची पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात घेतले. आणि मग त्या जे ओरडल्या ते भाजीवालीनं, हमालानं, समोरच्या शिंप्यानं, सगळ्यांनी ऐकलं.

"अगं, बसून तर मी आत्यांना सांगितलंय! त्यांच्या पायाला! तुला तर कधीच उभं राहा म्हणलंय! दोन पाय आहेत तुमच्या घरात, दोन! दोघींना एकच काढा कसा चालेल?"

भाजीवाली हसली. टोपली माझ्या हातातून सुटली असती, पण दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती. मी मागं वळले.

आत्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. लुगडं घोट्याच्या वर ओढलेलं. डाव्या पायाची बोटं ताणलेली, आणि त्या बोटांत एक निळी गोटी. त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती. टाकावी की लपवावी हे न कळून.


उभं राहून

"कधीपासून?"

"पंचापासून."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

त्यांची बोटं सैल झाली. गोटी खाली पडली आणि घरंगळत माझ्यापर्यंत आली.

"तुमच्या पायाला काय झालंय?"

"मुरगळला हुता. लई वर्सं झाली. तसाच ऱ्हायला."

"मग मला सांगायचं ना. मॅडम आल्या होत्या तेव्हा त्यांनाच दाखवायचा."

"तुजा पाय मोडलेला. त्यात मी कुठं माझं म्हातारीचं लावू?"

"पण मला का बसवून ठेवलंत? आत्या, माझी परीक्षा आहे. तुम्हाला माहीत होतं!"

माझा आवाज चढला होता. त्यांनी लुगडं खाली केलं, पाय झाकले.

"फोनवर बाई म्हणाली, आत्या, तुमचा पाय लई दिवसांचा हाय, तुमी बसूनच करा, आन् वैजूला उभं करा. म्हणलं, एका घरात दोन दोन सैपाक कशाला. माझं जरा हुईल, मग दोघी बरोबरच उभ्या ऱ्हाऊ." त्यांनी खाली पडलेल्या गोटीकडं बघितलं. "माझं काय हुईना. तुजं लवकर हुयाला लागलं. मला एक गोटी उचलंना तवर तू वाटी भरायचीस. तू उभी ऱ्हायलीस की जिना उतरणार. जिना उतरलीस की खांबावर. मग इथं मी कुणाचं बघून करू?"

मला रडू येत होतं ते रागाचं होतं. परीक्षा तोंडावर आणि माझ्या बसण्यात गेलेल्या त्या सगळ्या दुपारी. मी भिंत धरली, उठले, चालत गेले आणि त्यांच्या गळ्यातली पिशवी काढून घेतली. त्यांनी मान खाली करून ती काढू दिली.

फोनवर मॅडम आधी आत्यांना शिव्या देत होत्या, मग मला, मग दोघींना मिळून हसल्या. "ऐक. घाबरू नको. बसून केलंस ते वाया नाही गेलं, पाया पक्का झालाय. आता टाचा उचल. ओट्याला धरून, दोन्ही पायांवर. मग एकावर. आणि नारळ आहे का घरात?"

"गौरीसाठी आणलाय."

"सोललेला, गुळगुळीत?"

"हो."

"दोन्ही पायांच्या तळव्यांमध्ये धर आणि दाब. फोडायचाय असं समजून दाब. तोच तुझा खांब."


उभं राहून. अजून.

टाच वर. थांब. हळू खाली.

हळू.

खाली येताना जास्त हळू, मॅडम म्हणाल्या होत्या, वर सगळेच जातात.

ओट्याची एक बाजू मी, एक बाजू आत्या. मधे शेगडी, शेगडीवर कुकर. त्या दोन्ही टाचांवर, मी एका. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. "टाच" म्हणायचे फक्त, आणि "हळू". त्या ऐकायच्या. शिट्टी झाली की दोघी खाली.

मग एका पायावर उभं राहायचं. दात घासताना, केस विंचरताना. मग डोळे मिटून. डोळे मिटले की पाऊल चाचपडायला लागतं, जमीन शोधतं, बोटं पंचा ओढल्यासारखी फरशी धरतात. तेव्हा कळलं की पंचा कशासाठी होता.

मग नारळ. खाटेवर बसून, गुडघे बाहेर, दोन्ही तळव्यांत नारळ. मी दाबायचे आणि आतल्या कडेची शीर अशी थरथरायची की खाट हलायची.

"दुखायलंय का?" आत्यांनी एकदा विचारलं. किती दिवसांनी.

"नाही. थरथरतंय."

"मग दाब."

गौरींपुढं तो नारळ ठेवताना आत्यांनी तो धुतला, पुसला आणि माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघींनीही कुणाला काही सांगितलं नाही. गौरींनाही नाही.


वळण

आता जिना राहिला होता.

मी रोज एकेक वळण खाली जात होते. दुखरा पाय आधी. म्हणजे उजवा खाली उतरतो, आणि भार घेतो वर राहिलेला चांगला. त्या दिवशी मी बरोबर उलटं केलं होतं. खालपर्यंत गेले, गोदामाच्या दाराला हात लावला, वर आले.

आत्या उंबऱ्यात उभ्या राहून बघायच्या. मी परत आले की पाणी द्यायच्या.

गणपती उठले. सुहास मधे येऊन, दोन दिवस राहून मान हलवत गेला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी निघाले तेव्हा आत्या म्हणाल्या, "थांब." आणि त्यांनी उंबरा ओलांडला.

मी खालच्या पायरीवर, त्या वरच्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. "दुखरा आधी," मी म्हणाले. त्यांचा डावा उतरला. मग उजवा. अशा आम्ही पहिल्या वळणापर्यंत आलो. तिथं त्या थांबल्या. खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"इथंच," त्या म्हणाल्या.

"काय इथंच?"

"ह्यांची तिरडी वळंना इथं. लई खटपट केली लोकांनी. मग खुर्चीवर बसवलं त्यास्नी. दोरीनं बांधलं. माझीच दोरी, टोपलीची."

मी मागं वळून बघितलं नाही. वळले असते तर त्या परत गेल्या असत्या.

"मान हलायची. म्हणलं, मान तरी धरा कुणीतरी. कुणी ऐकंना, म्हणून पळत आले मान धराया. इथं पाय वळला. पडले. बाया म्हणाल्या, तुमी वर जावा, बायांनी यायचं नसतं. मला धरून वर नेलं. ते खाली गेले, मी वर गेले. तेरा दिवस घर भरल्यालं, पर पाय कुणी बगितला न्हाई. घोटा सुजून ह्यो एवढा. मी बसून हुते ना. सगळ्यांस्नी वाटलं, दुःखानं बसलीय."

जिन्यात बियाण्यांचा वास होता.

"आन् मग सुहासचं लगीन निघालं. म्हणलं, आता सांगावं, मला उतरता येत न्हाई. तर तुज्या घरची माणसं म्हणाली, विहीणबाई येणार न्हाईत, रीतच हाय. मी म्हणलं, बरं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझ्या आईनं तर कौतुक केलं होतं, किती मानाची बाई म्हणून.

"चला, अजून दोन वळणं आहेत," मी म्हणाले.

"न्हाई. आज एवढंच." त्या तिथंच पायरीवर बसल्या. मग आम्ही वर आलो. चांगला पाय आधी.


खांब

परीक्षेच्या दिवशी मी निघाले तेव्हा आत्या माझ्या मागं वळणापर्यंत आल्या. "जा," म्हणाल्या. "मी जाते वर."

मैदानात खांब रांगेनं रोवलेले होते. पोरी कमी, पोरं जास्त. माझ्या आधीची पोरगी निम्म्यावरून खाली घसरली आणि कोपर सोलून घेऊन रडत बसली. माझं नाव पुकारलं. मी चप्पल काढली. एकानं विचारलं, "बाई, पाय बारीक दिसतो तुमचा एक?" मी म्हणाले, "तोच वर नेणार आहे."

सिमेंट गार होतं. हातांनी मिठी, मग तळवे. आतली कड. नारळ. वर. पुन्हा नारळ. निम्म्याच्या वर गेल्यावर उजवी शीर थरथरायला लागली, इतकी की खांबच थरथरतोय असं वाटलं. मी डोळे मिटले. बोटांनी पंचा ओढला. दुखतंय का? नाही. मग वर.

फडकं हाताला लागलं तेव्हा ते लाल नव्हतं, उन्हानं विटून गुलाबी झालं होतं. ते मला अजून आठवतं. त्यानंतर किती खांब झाले, उन्हाळ्यातले, वादळातले, प्रत्येकावर आधी तोच पाय थरथरतो आणि मला बरं वाटतं.

परतले तेव्हा ऊन कललं होतं. गोदामाचं दार ओलांडून जिना चढले. एक वळण. दुसरं. आणि वरच्या वळणावर आत्या बसलेल्या. सकाळी सोडलं होतं तिथंच, त्याच पायरीवर. शेजारी काही नाही. पाण्याचा तांब्याही नाही.

"आत्या! तुम्ही वर नाही गेलात?"

"निगाले हुते." ओठ सुकलेले होते त्यांचे. "पाय उचलला. मग वाटलं, वर गेले तर परत न्हाई येणार इथवर. म्हणून खाली जावं म्हणलं. तर तेबी हुईना. बसले."

"सकाळपासून?"

"झालं का तुजं?"

"झालं."

"वरपातूर?"

"फडक्याला हात लावला."

त्यांनी मान डोलावली. मग भिंतीला हात टेकून उठायला लागल्या. मी वर जायला जागा करून देत कडेला सरकले, हात पुढं केला.

"चला, चांगला पाय आधी."

"वर काय हाय?" त्या म्हणाल्या. "वरचं समदं बगून झालंय."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर गेले, पाठ केली, खांदा दिला. त्यांचा हात आला. मागून त्यांचा डावा पाय पुढं आला आणि हवेतच थांबला. पैंजणाच्या जागेचा जुना वण दिसत होता, आणि घोट्यापासून बोटांपर्यंत सगळं पाऊल हलत होतं, वाऱ्यावरच्या पानासारखं.

"दुखतंय?" मी विचारलं.

त्यांनी पावलाकडं बघितलं. त्यांचं त्यांनाच कळणार होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "थरथरायलंय."

आणि त्यांनी तो खाली ठेवला.